आंबिलीची परीक्षा कोण घेणार?

(मोहोळ येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



औषधं, घरगुती उपचार आणि आंबवलेले पदार्थ यांवर प्रयोगशाळेत काय चालतं, हा आजचा विषय आहे. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी हा विषय मांडताना सुरुवात कुठून करावी, याचा फार विचार करावा लागला नाही. ती इथल्या ज्वारीपासूनच करायला हवी.

मालदांडी ३५-१ हे वाण आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या रानात असेल. १९३०च्या दशकात इथे, मोहोळच्या संशोधन केंद्रावर, स्थानिक मालदांडी ज्वारीतून ते निवडलं गेलं. त्यानंतर संकरित वाणं आली, सुधारित वाणं आली, सरकारं बदलली, बाजार बदलला. तरीही रब्बीच्या कोरडवाहू रानात हे वाण ऐंशीहून अधिक वर्षं टिकून आहे. मोत्यासारखा दाणा, गोड भाकरी, जनावरांना आवडणारा कडबा आणि जमिनीतल्या साठलेल्या ओलीवर तग धरण्याची ताकद या गुणांवर ते टिकलं.

हे वाण कोणाला स्वप्नात दिसलं नाही आणि कोणाच्या अधिकारवाणीनं ते चांगलं ठरलं नाही. शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी राखलेल्या बियाण्यातून निवडी झाल्या, त्या शेजारी शेजारी पेरल्या गेल्या आणि त्याच जमिनीत, त्याच पावसावर कोणती ओळ सरस येते हे मोजलं गेलं. परंपरेनं बी दिलं आणि तुलनेनं त्यातलं उत्तम निवडलं. आज मला जे सांगायचं आहे त्याचं बीज याच गोष्टीत आहे. औषधाच्या बाबतीतही परंपरा आपल्याला बी देते. पण तुलना केल्याशिवाय त्यातलं पेरण्याजोगं कोणतं हे कळत नाही. आणि ज्या गोष्टींचा कोणी मालक नाही, त्यांची तुलना करण्याची जबाबदारी तुमच्या-माझ्यावर, म्हणजे समाजावर येते.

वावरात जन्मलेली रीत

आधुनिक औषधशास्त्राची सगळ्यात भरवशाची परीक्षा शेतातून दवाखान्यात आली, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं जुनं शेती संशोधन केंद्र आहे. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ तिथे कामाला लागला. त्याच्यापुढचा प्रश्न आपल्या ओळखीचा होता. एका तुकड्यात खत घातलं आणि पीक जोमानं आलं, तर ते खतामुळे आलं की तो तुकडाच मुळात कसदार होता? फिशरनं तोडगा काढला. कोणत्या तुकड्याला खत मिळेल हे माणसानं ठरवू नये, चिठ्ठी टाकून ठरवावं. मग जमिनीचा कस, ओल, वाऱ्याची बाजू हे सगळे फरक दोन्ही बाजूंना सारखे विखुरले जातात आणि उरलेला फरक खताचा आहे असं म्हणता येतं.

हीच रीत पुढे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी माणसांच्या उपचारात आणली. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगाच्या १०७ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५५ जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, ५२ जणांना फक्त विश्रांती मिळाली. कोण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांनी निवडलं नव्हतं. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ जण दगावले, दुसऱ्या गटातले १४. स्ट्रेप्टोमायसिन हे औषधही मातीतल्याच सूक्ष्मजीवातून, १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलेलं होतं. औषध मातीतून आलं आणि त्याची परीक्षा घेण्याची पद्धत वावरातून आली.

या रीतीशी मराठी माणसाचं जवळचं नातं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जगातल्या आघाडीच्या कृषी संख्याशास्त्रज्ञांपैकी एक होते. त्यांनी आणि व्ही. जी. पानसे यांनी मिळून लिहिलेलं शेतीतल्या संख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक १९५४ मध्ये निघालं आणि भारतातल्या कृषी पदवीधरांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले आणि पिकांच्या आकड्यांवरून माणसांच्या पोषणाच्या आकड्यांकडे वळले. शेत, संख्याशास्त्र आणि माणसाचं आरोग्य या तिन्ही गोष्टी एका मराठी माणसाच्या आयुष्यात अशा एकत्र आल्या.

सर्पगंधा आणि रक्तदाबाचं यंत्र

परंपरेतलं बी आणि तुलनेची परीक्षा एकत्र आली की काय घडतं, याचं उत्तम उदाहरण मुंबईत आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती. वेड लागलं, झोप येत नाही, साप चावला, अशा प्रसंगी ती देत. १९३१ मध्ये गणपत सेन आणि कार्तिक बोस या दोघा बंगाली वैद्यकतज्ज्ञांनी ती रक्तदाब उतरवते अशी नोंद केली. मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरची आपली निरीक्षणं १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि पश्चिमेचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसरपिन हा घटक वेगळा काढला. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

या कथेतून लोक बहुधा एवढंच घेतात की आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. पूर्वजांना वनस्पती माहीत होती, रक्तदाब मोजता येत नव्हता. रक्तदाबाचं यंत्र हातात आलं तेव्हा त्याच मुळीचा नवा गुण उघड झाला. पुढे अधिक मात्रेत, दीर्घकाळ रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य येतं हेही मोजणीतूनच कळलं, आणि मात्रा खाली आणावी लागली. गुण आणि दोष दोन्ही एकाच रीतीनं सापडले. मागणी इतकी वाढली की रानातली सर्पगंधा ओरबाडली गेली आणि आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. औषध सिद्ध झालं की वनस्पतीची जबाबदारीही वाढते, हा या कथेचा आपल्याकडे सहसा न सांगितला जाणारा भाग.

गुळवेल: दोन नोंदी

आता प्रत्येक खेड्यात कुंपणावर चढलेल्या एका वेलीकडे येतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेदातल्या औषधांवर फार चिकाटीनं काम केलं. पित्ताचा मार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया जोखमीची असते, कारण त्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असते आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरण्याचा धोका असतो. या गटानं ३० रुग्ण चिठ्ठीनं दोन भागांत वाटले. सगळ्यांना नेहमीचे उपचार दिले आणि एका भागाला त्याशिवाय गुळवेलीचा अर्क, ठरलेल्या मात्रेत. १९९३ मध्ये निष्कर्ष छापून आले. पित्ताचा निचरा केल्यानंतर नेहमीच्या उपचाराच्या गटात निम्म्या रुग्णांच्या रक्तात संसर्ग पसरला, गुळवेलीच्या गटात एकाच्याही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण एकीकडे ४० टक्के होतं, दुसरीकडे ९२ टक्क्यांच्या वर.

तीस हा आकडा लहान आहे. अशा निष्कर्षाची पुढे मोठ्या संख्येवर पुन्हा पुन्हा परीक्षा व्हायला हवी. पण पद्धत पाहा. रोग कोणता, रुग्ण कोण, अर्क किती, किती दिवस आणि तुलना कशाशी, हे सगळं कागदावर आहे.

दुसरी नोंद २०२० मधली, महासाथीच्या काळातली. प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून देशभर गुळवेलीचा काढा घरोघर प्यायला जाऊ लागला. कोणी फांदी उकळली, कोणी चूर्ण घेतलं, कोणी महिनोन्‌महिने. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झालेली आढळली आणि त्यांनी २०२१ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेलं नाही. नंतर देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ज्यांच्या शरीरात स्वतःच्याच यकृतावर हल्ला करण्याची प्रवृत्ती आधीपासून दबलेली आहे, त्यांच्यात ही वेल ती जागी करत असावी, असा तज्ज्ञांचा कयास आहे. प्रतिकारशक्ती चेतवणारी वस्तू सगळ्यांच्याच फायद्याची असते असं नाही.

या दोन नोंदी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. पहिल्या वेळी गुळवेल मोजून, ठरावीक रुग्णाला, ठरावीक काळ दिली होती. दुसऱ्या वेळी ती न मोजता, निरोगी माणसांनी, अमर्याद काळ घेतली. केईएमच्या निष्कर्षाचा आधार देऊन घरच्या काढ्याची जाहिरात करणं हा केईएमच्या कामाचाच अवमान आहे. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं मेहनत घेतली, त्यांनी मात्रेशिवाय एकही वाक्य लिहिलं नव्हतं.

गुग्गुळाचंही तेच. बनारसमध्ये १९६६ मध्ये संस्कृत ग्रंथातलं वर्णन हाती धरून गुग्गुळावर संशोधन झालं, पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध म्हणून ते विकसित केलं आणि भारतातल्या चाचण्यांत लाभ दिसला. अमेरिकेत १०३ माणसांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये आले, आणि तिथे वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी थोडं वाढलं. यावर आपल्याकडे दोन प्रकारची माणसं बोलू लागतात. एक म्हणतात, आयुर्वेद उघडा पडला. दुसरे म्हणतात, हा परदेशी कट आहे. दोघांनाही मला सांगायचं आहे की आहार, शरीराची घडण, अर्क काढण्याची पद्धत यांत फरक असला की निष्कर्षही बदलू शकतो. म्हणून आपल्या माणसांवर, आपल्या जेवणाबरोबर, नीट आणि मोठी चाचणी हाच त्यावरचा मार्ग आहे. वादविवादानं कोलेस्टेरॉल उतरत नाही.

आणखी एक गोष्ट शुद्धतेची. अमेरिकेत बोस्टनच्या दुकानांतून विकत घेतलेल्या ७० दक्षिण आशियाई वनौषधी उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. नाव नसलेली पुडी, लेबल नसलेली बाटली आणि आठवडी बाजारात मांडलेलं चूर्ण यांत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते प्रयोगशाळेलाच दिसतं.

जे कोणाचंच नाही, त्याची परीक्षा

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरून येते या ज्ञानावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ पुरावा म्हणून ठेवले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हळद कोणा एकाची नाही हे जगानं मान्य केलं. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच हवा.

पण या विजयापाठोपाठ एक प्रश्न येतो आणि तो आपण स्वतःला विचारला नाही. नवं औषध माणसांवर तपासायला प्रचंड खर्च येतो. कंपनी तो करते, कारण काही वर्षं ते औषध विकण्याचा हक्क फक्त तिचा असतो. हळदीवर, ताकावर, आंबिलीवर कोणाचाच हक्क नसेल, तर त्यांच्या परीक्षेचा खर्च कोणी करायचा? बाजार तो करणार नाही. बाजार काय करतो, तर न तपासलेल्या गोष्टीला सुंदर वेष्टण घालून, पुराव्याच्या जागी आजीचं चित्र छापून विकतो. जे सगळ्यांचं आहे ते तपासायला सार्वजनिक प्रयोगशाळा, सार्वजनिक रुग्णालयं आणि सार्वजनिक पैसा लागतो.

हे अशक्य नाही, कारण हे आपण पूर्वी केलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत लस तयार केली. जंतू वाढवण्याच्या रसावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले, त्यांना धरून जंतूंच्या झुंबरासारख्या लोंब्या खाली वाढत. १० जानेवारी १८९७ रोजी लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, प्लेग शिरलेला असताना, लस घेतलेले आणि न घेतलेले कैदी यांची तुलना झाली. परळला आजही त्यांच्या नावाची संस्था उभी आहे. स्वातंत्र्यानंतर पिंपरीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन ही बुरशी आंबवूनच काढायची वस्तू. मोठमोठ्या टाक्यांत हवा, उष्णता आणि खाद्य सांभाळत ती वाढवायची. तिथल्याच संशोधकांनी डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या मार्गदर्शनाखाली पिंपरीच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. त्या जिवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे आणि औषधाच्या नावात हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची आद्याक्षरं आहेत.

आणि मालक नसलेल्या उपायाची सर्वात मोठी गोष्ट बंगालमधली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती. सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात विरघळवून नातेवाइकांच्या हाती दिले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं. पुढे ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ वापरूनही चाचण्या झाल्या आणि पटकीच्या रुग्णांत तांदळाच्या द्रावणानं जुलाबाचं प्रमाण आणखी कमी होतं असं दिसलं. आपल्या आज्या आजाऱ्याला मीठ घालून पेज देत होत्या. तिच्यातला कोणता भाग खरा आणि किती प्रमाणात खरा, हे मोजल्यावर ती जगभरच्या मुलांच्या कामी आली.

आंबील काय करते

मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवशीला, आपल्या सोलापूर जिल्ह्यात आणि शेजारच्या लातूर-धाराशिवमध्ये रानात कडब्याची खोप उभी राहते, भज्जीचं पातेलं येतं आणि मातीच्या भांड्यातली आंबील येते. ज्वारीचं पीठ, ताक, मीठ, लसूण, जिरं. उन्हाळ्यात तर तीच दुपारची न्याहारी. ती थंड असते, बाधत नाही, अंगात ताकद येते, असं आपण म्हणतो. प्रयोगशाळा याकडे कसं पाहते ते सांगतो.

पीठ ताकात किंवा पाण्यात रात्रभर राहिलं की त्यात लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात. आंबटपणा वाढतो, आणि पुष्कळसे रोगजंतू आंबट वातावरणात वाढू शकत नाहीत. दुसरी गोष्ट लोहाची. धान्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोह आणि जस्ताला धरून ठेवतो आणि आतड्याला घेऊ देत नाही. आंबट वातावरणात धान्यातलंच एक विकर जागं होतं आणि फायटेट फोडू लागतं. तिसरी गोष्ट प्रथिनांची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवलं की ज्वारी पाण्यात शिजवली की तिची प्रथिनं एकमेकांत घट्ट गुंततात आणि पचवणाऱ्या विकराला ती निम्म्याच्या आसपासच फोडता येतात. सुदानमध्ये ज्वारी आंबवून किस्रा नावाची पातळ भाकरी करतात. तिच्यात मात्र ही घट बरीचशी भरून निघालेली दिसली. सुदानी आणि सोलापुरी बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत. तरी धान्य तेच, अडचण तीच आणि तोडगाही तोच.

आता एक बारकावा. ताकात जिवंत जिवाणू असतात, पण पीठ ताकात भिजवून मग शिजवलं की उकळीत ते मरतात. उरतं ते त्यांनी केलेलं काम: आम्ल, फुटलेलं फायटेट, सैल झालेली प्रथिनं. काही घरांत पीठ आधी पाण्यात शिजवतात आणि निवल्यावर ताक घालतात. तिथे जिवाणू जिवंत पोटात जातात, पण पीठ आंबायला वेळ मिळालेला नसतो. काही घरांत दोन्ही करतात. म्हणजे आंबील या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. चरकसंहितेत मूळव्याधीच्या चिकित्सेत ताकाचं सविस्तर वर्णन आहे, तिथेही लोणी काढलेलं, अर्धं काढलेलं, न काढलेलं असे भेद केले आहेत. ज्यांनी ते लिहिलं त्यांना वस्तू नेमकी सांगण्याचं महत्त्व कळत होतं. तो काटेकोरपणा आपण पुढे चालवला पाहिजे.

आणि माणसागणिक पोटही वेगळं असतं. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब घ्या. सोलापूरजवळ केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे. डाळिंबातल्या एका घटकाचं आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाच्या पदार्थात रूपांतर करतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हा पदार्थ स्नायूंच्या पेशींना लाभदायक ठरला आहे. पण ते रूपांतर करणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाच ताटातलं डाळिंब दोन भावांत वेगळं काम करू शकतं. म्हणून एखाद्या शेजाऱ्याला गुण आला हा पुरावा होत नाही, तो चौकशीचा आरंभ होतो. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांनी उभारलेला सूक्ष्मजीवांचा संग्रह आज जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी आहे. आपल्या ताकातले, लोणच्यातले, आंबिलीतले जिवाणू जपून ठेवण्याची जागा महाराष्ट्रात आहे.

मोहोळनं काय करावं

आंबिलीसारख्या वस्तूची माणसांवर मोठी चाचणी होऊ शकते का? होऊ शकते. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर अशी चाचणी झाली. निम्म्यांना आयुष्याच्या पहिल्या आठवड्यात लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आणि त्यांचं खाद्य तोंडावाटे दिलं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये हे निष्कर्ष जगातल्या अग्रगण्य विज्ञान नियतकालिकात छापून आले. आणि घराजवळचं उदाहरण हवं असेल तर बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. तिथल्या आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी केली. एकदाच केलेल्या एका तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये आला आणि तो जगभर वापरला गेला. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे नैतिक वादही झाला. तो वाद आपण विसरू नये. चाचणीत भाग घेणारी बाई कोणाच्या प्रयोगाची सामग्री नसते, तिला सगळं समजावून तिची संमती घ्यायची असते आणि माहीत असलेला उपचार तिच्यापासून रोखायचा नसतो.

हे सगळं ध्यानात घेऊन मी मोहोळकरांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के रक्तक्षयानं ग्रस्त आहेत. आपल्या तालुक्यातल्या गावांची चिठ्ठीनं दोन गटांत विभागणी करावी. दोन्हीकडे तीच मालदांडी, तेवढीच ज्वारी. एका गटात ती नेहमीच्या भाकरीतून, दुसऱ्यात एका ठरवलेल्या कृतीच्या आंबिलीतून. लोहाच्या गोळ्या ज्यांना लागतात त्यांना दोन्हीकडे चालू. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा मोजायचा. चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत करायची. ही नोंदवही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २००७ मध्ये सुरू केली आहे आणि ती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. निष्कर्ष काहीही आला तरी तो छापायचा. आंबिलीनं काही फरक पडला नाही असं निघालं, तर तेही मोठ्यानं सांगायचं. ज्वारीचं ज्ञान मोहोळच्या केंद्रात आहे, वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयं सोलापुरात आहेत, आशाताई प्रत्येक गावात आहेत. लागते ती मागणी. ती ग्रामसभेच्या ठरावातून, जिल्हा परिषदेतून, विद्यापीठाच्या दारातून जायला हवी.

तोपर्यंत घरातल्या माणसानं काय करावं? आंबील प्या, ताक प्या, ते आपलं चांगलं अन्न आहे. पण अन्न औषध म्हणून कोणी विकायला आलं, की त्याला विचारा: यात नेमकं काय आहे आणि किती आहे? कोणत्या रोगाच्या किती माणसांवर, कशाशी तुलना करून ते पाहिलं? कोणी घेऊ नये? शुद्धतेची तपासणी कोणी केली? उत्तर मिळालं नाही तर पैसे परत खिशात घाला. आणि साखरेची, रक्तदाबाची, क्षयाची गोळी कोणत्याही काढ्याच्या भरवशावर बंद करू नका. घेत असलेला प्रत्येक काढा डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांनीही तो ऐकून घ्यावा, हसण्यावारी नेऊ नये. रुग्णाचं बोलणं हसण्यावारी गेलं की पुढच्या वेळी तो लपवतो, आणि लपवलेला काढाच यकृताला महागात पडतो.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं असं मी इथे येण्याआधी ऐकलं. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी शेतकरी असेल, कोणी परिचारिका, कोणी वैद्य, कोणी औषधांच्या दुकानात उभा असेल. वडिलांचं बियाणं त्याच्या जुनेपणावर विश्वास ठेवून आपण कधी पेरलं नाही, त्याची उगवण पाहूनच पेरलं. वडिलांच्या औषधालाही तोच न्याय लावणं हा त्यांचा अनादर नाही, त्यांचीच रीत पुढे चालवणं आहे. मोहोळनं देशाला ज्वारी दिली. आता त्या ज्वारीच्या आंबिलीचं खरं-खोटं काय ते मोजून देशाला सांगण्याचं काम मोहोळनंच हाती घ्यावं, आणि पुढच्या ग्रामसभेत तो विषय पटलावर यावा, एवढी विनंती करून मी थांबतो.